वरचा आकडा

१

सकाळी सात ते दहा माझ्याशी कुणी बोलायचं नसतं. हा नियम मीच केलाय आणि आश्चर्य म्हणजे सगळे तो पाळतात. आमच्या कारखान्यात ब्रेड बनतो. उद्या कुठल्या दुकानात किती पुडे पाठवायचे हे आधी संगणक ठरवतो आणि मग मी त्याच्या आकड्यांना हात लावते. कागदोपत्री माझ्या कामाचं नाव लांबलचक आहे. आमच्यात त्याला नुसतं 'हात लावणं' म्हणतात.

पडद्यावर आकड्यांची उतरंड असते. सगळ्यात वर एकच आकडा, अख्ख्या शहराचा. त्याच्याखाली चार विभागांचे चार, त्यांच्याखाली सव्वीस रूटचे सव्वीस आणि तळाला तीनशे बारा दुकानं. दुकानांची बेरीज म्हणजे रूट, रूटची बेरीज म्हणजे विभाग, विभागांची बेरीज म्हणजे शहर. प्रत्येक पायरीवर एक छोटं पिवळं कुलूप असतं. ते लावलं की त्या पायरीची बेरीज हलत नाही. मग खाली एका दुकानाला एक पुडा वाढवला की दुसऱ्या कुठल्या तरी दुकानाचा एक आपोआप कमी होतो. बाकावर कुणी नवीन येऊन बसलं की बाकीचे कसे सरकतात, तसे आकडे सरकतात. ते सरकताना बघायला मला भारी आवडतं.

प्रत्येक वेळी 'कारण' या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. रस्ता खणलाय. शाळेला सुट्टी. दुकानदार मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय. संगणकाला मेव्हणा कळत नाही, मला कळतो. यातच माझी सगळी ऐट.

हे काम घेतल्यावर चौथ्या महिन्यात रूट नऊवरून न विकलेला एकही पुडा परत आला नाही. मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावले. रूट नऊच्या ड्रायव्हरला सगळे हॉर्नमामा म्हणतात, कारण ते रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवतात.

"बाई, ट्रे बघा, पुसून ठेवल्यासारखे रिकामे!" ते म्हणाले. "जादू-बिदू करता की काय?"

मी तिथेच उडी मारली. छत्तीस वर्षांची बाई, गळ्यात ओळखपत्र आणि खरोखरची उडी.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला. आता एकाहत्तराव्या वर्षी ते रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुका काढतात. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड आणायला जातात आणि दुकानदाराला सांगतात, "आमच्या मुलीचा द्या." मी आयुष्यात कधी पीठ मळलेलं नाही, हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही.

२

माझी खोली भट्ट्यांच्या वर आहे. फरशी बारा महिने कोमट असते आणि खालून ब्रेड वाहणाऱ्या पट्ट्याची घरघर येत राहते. शेजारी, प्लायवूडच्या भिंतीपलीकडे आणखी एक खोली आहे. माझ्याआधी हे काम करायचे ते तिथे बसायचे. आता तिला कुलूप आहे आणि आत मोडके ट्रे रचलेत.

एका मंगळवारी पावणेदहाला मी सगळ्या दुरुस्त्यांची यादी शेवटची चाळत होते. त्यात एक ओळ माझी नव्हती.

दुकान क्रमांक १४२. बारावरून अकरा. कारण: एक कमी.

'कोणी केलं' हा रकाना कोरा होता.

चूक असणार, असं म्हणून मी ती ओळ तशीच राहू दिली. एका पुड्यानं काय आभाळ कोसळणार होतं? पण क्रमांक १४२ म्हणजे अगदी छोटं दुकान. ते दोन वर्षं रोज बारा पुडे घ्यायचं आणि बाराच्या बारा विकायचं. मला वाटलं, उद्या त्या दुकानदारीणबाईंचा फोन येणार, एक कमी का पाठवला म्हणून.

फोन आला नाही. अकरा गेले, अकरा विकले गेले. दुसऱ्या दिवशीही अकराच.

पुढच्या आठवड्यात तशा आणखी सहा ओळी आल्या. वेगवेगळी दुकानं, वेगवेगळे रूट. दर वेळी एक कमी आणि कारणही तेच. आणि दर वेळी बरोबर! मी एकीकडे मेव्हणे आणि सुट्ट्या शोधून डोकं फोडत होते आणि हा जो कोणी होता तो दोन शब्द लिहून अचूक आकडा सांगत होता.

मी संगणकवाल्याला बोलावलं. तो पडद्यासमोर चहा पीत बसला आणि म्हणाला, "कोरं नाव येऊच शकत नाही. नाव टाकल्याशिवाय बटणच दाबलं जात नाही."

"मग हे काय?"

"हेच तर म्हणतोय. हे असू शकत नाही." एवढं बोलून तो गेला. त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

मी मात्र कान टवकारून बसायला लागले. कारण तोपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ओळ उमटायच्या क्षणी भिंतीपलीकडून एक आवाज यायचा. टक. कळफलकावरची एकच कळ दाबावी तसा.

आता भट्टीवरच्या खोलीत लाकूड तापतं, तडकतं, आवाज होतात. हे मी स्वतःला दहा वेळा समजावलं. पण लाकूड पावणेदहाचा मुहूर्त धरून तडकत नाही.

३

शेवटी एका गुरुवारी मी हॉर्नमामांच्या गाडीत बसून १४२ नंबरला गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची एक अरुंद खोली. दुकानदारीणबाई वाती वळाव्यात तशा नेटानं जुन्या पावत्या कापत बसल्या होत्या.

"तुमचा एक पुडा कमी झालाय ना?" मी विचारलं. "मी कारखान्यातून आलेय."

"हो, तो मास्तरांचा. दुसऱ्या मजल्यावरचे. गेले ते."

"कधी?"

"झाले की पंधरा दिवस. मंगळवारी संध्याकाळी. सकाळी तर माझ्याकडून ब्रेड घेऊन गेले होते, चांगले हसत-बोलत." त्या थांबल्या. "तुम्ही बुधवारी एक कमीच पाठवलात. मी म्हटलं, यांना कसं कळलं? की हॉर्नवाल्यांनी सांगितलं?"

"मी कशाला सांगू?" हॉर्नमामा म्हणाले. "मलाच आत्ता कळतंय."

ओळ मंगळवारी सकाळी पावणेदहाला आली होती. तेव्हा मास्तर दुसऱ्या मजल्यावर बसून चहाबरोबर ब्रेड खात असतील.

खरं सांगते, भीती नंतर आली. आधी आला तो आनंद. मनात एकच, की हा अंदाज चुकतच नाही! पंधरा वर्षं आकड्यांत काढल्यावर न चुकणारा आकडा दिसला तर काय होतं, हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. परतताना हॉर्नमामांनी वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही आणि मी मात्र मनातल्या मनात बाकीची सहा दुकानं मोजत होते.

ती सहाही मी पुढच्या दोन दिवसांत पाहिली. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी गेलेलं होतं.

४

मग तो सोमवार आला.

टक.

मी आता आवाजाबरोबर पडद्याकडे बघत असे, दिवाळखोर जुगारी बघतो तशी. दुकान क्रमांक २०७. चौतिसावरून तेहतीस. कारण: एक कमी.

२०७ म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचं दुकान.

मी स्वतःशी वाद घालायला लागले. चौतीस गिऱ्हाईकं. त्यातले बाबा एक. चौतिसात एक म्हणजे काय मोठंसं? समोरच्या इमारतीतल्या आजींना नव्वद पूर्ण आहेत, त्यांचा नंबर आधी. असा विचार मनात आला आणि मी जीभ चावली. मग घरी फोन लावला.

"काय गं, या वेळेला?" बाबांचा आवाज ठणठणीत होता. "पान तीनवर 'निर्णय' शब्दाला दीर्घ वेलांटी दिलीय. लाज नाही वाटत लोकांना."

"बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"न वाटायला काय झालं? जरा डाव्या हाताला मुंग्या येतायत. पेपर धरून ठेवला ना, म्हणून."

मी फोन ठेवला आणि २०७ वर परत चौतीस टाकले. आकडा एका फटक्यात बसला. कारण लिहिलं: चूक. पडद्यानं मान्य केलं. मी खुर्चीत मागे रेलले आणि अक्षरशः हसले.

तेवढ्यात त्याच रूटवरचं शाळेजवळचं दुकान साठावरून एकोणसाठ झालं.

अर्थात. रूटला कुलूप होतं. बेरीज तीच राहायला हवी होती, म्हणून माझ्या चौतिसासाठी कुणीतरी सरकलं होतं. मी रूटचं कुलूप उघडलं. शाळेजवळचे परत साठ झाले आणि शेजारच्या रूटवर, दवाखान्यासमोरच्या दुकानातला एक गेला. विभागाचं कुलूप उघडलं, तर तो 'एक कमी' उडी मारून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. आता 'कोणी केलं' या रकान्यात माझी आद्याक्षरं होती आणि कारणाच्या जागी नुसती रेघ लुकलुकत होती.

राहिलं फक्त सगळ्यात वरचं कुलूप. ते माझ्यानं उघडेना.

नऊ अठ्ठेचाळीस झाले होते. मी साहेबांच्या खोलीत धावले.

"साहेब, वरचा आकडा एकनं वाढवा. आत्ताच्या आत्ता."

साहेब चष्मा पुसत होते. "एक पुडा? बाई, रोज दोन ट्रे उंदीर खातात आपल्याकडे."

"एकच. माझ्यासाठी."

"माझ्या हातात असतं तर दहा वाढवले असते," ते म्हणाले. "पण वरचा आकडा मी ठरवत नाही."

"मग कोण ठरवतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कधी ना कधी हे विचारणार, हे त्यांना ठाऊक असावं.

"तो येतो," साहेब म्हणाले. "रोज सकाळी आलेला असतो. माझ्याआधी या खुर्चीत होते, त्यांच्या वेळीही यायचा."

५

परत आले तेव्हा चार मिनिटं उरली होती. दहाला यादी आपोआप बंद होते आणि जिथे जो आकडा असेल तो तिथे पक्का होतो.

वाट्टेल ते दुकान निवडायची मला मोकळीक होती. मी तीनशे बारा ओळी भराभरा खाली नेत होते. इथे मावशी राहते. इथे शाळेतली मैत्रीण. इथल्या दुकानदारानं मला एकदा छत्री दिली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मला कळलं की मी या शहरात किती जणांना ओळखते. शेवटच्या रूटवर, अगदी टोकाला, मालधक्क्याजवळ २८८ नंबरचं दुकान होतं. रोजचे तीन पुडे. तिथे मी कधी गेले नव्हते, तिथलं कुणी मला माहीत नव्हतं.

तिनाचे दोन केले.

कारण लिहायचं होतं. मी काय काय लिहिणार होते! रस्ता, सुट्टी, पाऊस. बोटांनी आपणहून लिहिलं: एक कमी.

मी कळ दाबली. टक असा आवाज झाला, पण माझ्या बोटाखाली झाला नाही. तो भिंतीपलीकडून आला.

मी उठले. प्लायवूडच्या भिंतीत वर एक काचेची अरुंद पट्टी आहे, पिठानं माखलेली. मी खुर्चीवर चढून काच हातानं पुसली. आत मोडक्या ट्रेंची थप्पी होती, छतापर्यंत. त्या थप्पीच्या मागे, जिथे माणूस बसायलाच काय, उभं राहायलाही जागा नव्हती, तिथून एका पडद्याचा निळसर उजेड ट्रेंच्या फटींतून येत होता. तो विझला. मग कुणीतरी खुर्ची मागे सरकवावी तसा आवाज झाला, फरशीवरून, सावकाश.

मी खाली उतरले. बरोबर दहा वाजले होते.

त्या संध्याकाळी बाबा ठणठणीत होते. हाताच्या मुंग्या गेल्या होत्या. आम्ही खूप हसलो. मी त्यांना उगीचच दोनदा मिठी मारली आणि "बाई गं, तुला झालंय काय?" असं त्यांनी विचारलं.

६

दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी मी मालधक्क्यावर गेले. दुकानात एक पोक्त बाई बसली होती.

"तुमच्याकडे रोज तीन पुडे यायचे. आता दोन पुरतात का?"

"पुरतात की. एक माझा, एक पहारेकऱ्याचा."

"आणि तिसरा?"

ती बोलायला गेली आणि थांबली. "तिसरा..." तिनं बोटांवर मोजलं, परत मोजलं. "खरंच गं. तिसरा कोण नेत होतं?"

"कुणी वारलं का इथे? सोमवारी संध्याकाळी?"

"छे. कुणीच नाही." ती स्वतःवरच चिडली. "तीन पुडे कशाला घेत होते मी?"

मास्तरांसाठी निदान दोन शब्द बोलणारी दुकानदारीणबाई होती. मास्तर गेले, पण होऊन गेले होते. हे काहीतरी वेगळं होतं.

दुकानाच्या बाजूनं लोखंडी जिना वर जात होता. "वर कोण राहतं?" मी विचारलं. "वर? वर रिकामंच असतं," ती म्हणाली, पण सांगताना तिचा आवाज जरा चाचरला.

मी वर गेले. दाराला कडी नव्हती. एकच खोली. स्टोव्हवर भांडं. भिंतीजवळ नीट घडी घातलेलं अंथरूण. खिडकीत दोरी बांधलेली आणि तिच्यावर दोन सदरे, एक पँट, एक टॉवेल वाळत घातलेला.

मी सदऱ्याला हात लावला. तो ओला होता. त्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं आणि खाली फरशीवर त्याचं छोटंसं तळं साचत होतं. तीन दिवस झाले होते.

मी धावत खाली आले.

७

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून साहेबांकडे नेला.

"सोडा की," साहेब म्हणाले. "संगणकवाला बसेल तुमच्या जागी. हुशार आहे. सगळ्यात मोठ्या दुकानातला एक उडवेल आणि चहाला जाईल."

मी कागद परत घेतला.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज येत नव्हता. त्याऐवजी उतरंडीच्या टोकाशी, त्या वरच्या आकड्याखाली, एक ओळ आपणहून येऊन थांबलेली असायची: वाटायचे बाकी, एक. कुठून काढायचा हे माझ्यावर सोडलेलं होतं.

त्या सकाळी मी त्या ओळीकडे अर्धा तास बघत बसले. आणि मग मला सुचलं. इतकं सोपं, की मी टेबलावर मूठ आपटली. एक जण एकाच दुकानातून का जायला हवा? एकाचे तीनशे बारा भाग करता येतात! मी वरचं सोडून बाकी सगळी कुलपं उघडली आणि तो एक सगळ्यांत सारखा वाटून टाकला. प्रत्येक दुकानाच्या वाट्याला दशांशचिन्हानंतर दोन शून्यं आणि मग तीन. पडद्यावर तर पूर्णांकच दिसतात. चौतिसाचे चौतीसच दिसत राहिले, साठाचे साठ. कारण लिहिलं: सगळ्यांचं थोडं थोडं.

दहा वाजले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोनवर फोन केले. कुठेही कुणी गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वाटायचे दोन होते, तेही वाटले. नंतर तीन, मग सात. मी रोज धावतच कामावर पोचायला लागले.

"चमत्कार आहे," एका सकाळी बाबा पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले. "निधनवार्तांचा रकाना रिकामा. आठवडा झाला. असं मी जन्मात पाहिलं नाही."

मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला रडू फुटलं, इतका आनंद झाला. हे मी केलं होतं. मी, एकटीनं, सकाळी सात ते दहा!

हॉर्नमामांनी तेवढं एकदा विचारलं. "बाई, गाडीत रोज थोडे पुडे कमी भरतात. पण कुठल्याच दुकानात कमी पडत नाहीत. हे कसं?" बोलताना ते मला जरा हळू आवाजात बोलल्यासारखे वाटले. "घसा बसलाय का?" मी विचारलं. "नाही तर," ते म्हणाले. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, तेव्हा ऐकू आलं.

लोक थकले असतील. मला तर जिना चढताना आता पूर्वीसारखी धाप लागत नाही, पायऱ्यांवर पाय वाजतसुद्धा नाहीत. हे चांगलंच म्हणायचं. हलकं वाटतं.

काल रविवार होता. वाटायचे एकोणीस आले होते, ते मी घरूनच वाटून टाकले. बाबा आंघोळ करून आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, त्या जाड कापसाच्या गादीवर. ते बसले आणि काहीतरी सांगायला लागले, हसत हसत. मी त्यांच्याकडे बघत होते. मग माझी नजर खाली गेली.

गादी दबली नव्हती.

कुणी बसलंच नसावं तशी ती फुगलेली होती आणि तिच्यावर बाबा बसले होते, मांडीवर मांडी टाकून, हसत. ते काय सांगतायत ते ऐकायला मी पुढे झाले, आणखी पुढे, अगदी त्यांच्या तोंडाशी कान नेला. मग मी त्यांचा हात धरला. म्हणजे, धरला असं मला वाटलं.